मध्यस्थ म्हणजे पुढारी नव्हे

आमच्या समाजाची कोणतीही सभा असो, तालमीच्या हॉलमध्ये असो की शादीखान्यात, शेवटी एक प्रश्न हमखास उठतो : आपल्याला नेता का नाही? विचारणारा तळमळीने विचारतो. ऐकणारे माना डोलावतात. व्यासपीठावर बसलेल्यांपैकी दोघे-तिघे मनातल्या मनात म्हणत असतात, मग आम्ही इथे बसलोय ते कोण? चहा होतो, शुक्रिया अदा होतो, सभा संपते. पुढची सभा पुढच्या दंगलीनंतर.

आम्ही कोल्हापूरचे मराठी मुसलमान. हा प्रश्न आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की आता त्या प्रश्नाशीच दोन हात करावेत असे वाटते. आमच्याकडे नेत्यांची टंचाई नाही. एकेका पेठेत चार-चार आहेत, आणि रमजानच्या शुभेच्छांच्या फलकांवर त्यांना जागा पुरत नाही. पण आपला समाज ज्याला नेता म्हणतो तो बहुतेक वेळा मध्यस्थ असतो. पोलीस ठाण्यातून फोन आला की तो मोहल्ल्यात येतो आणि सांगतो, 'पोरांना सांभाळा.' मोहल्ल्यात कुणाचा मुलगा उचलला गेला की तो ठाण्यात जातो आणि सांगतो, 'साहेब, पोरगं लहान आहे, सांभाळून घ्या.' निवडणूक आली की आमच्या मतांचा गठ्ठा किती हे तो कुणाला तरी सांगतो आणि आम्हाला येऊन सांगतो की त्या कुणीतरी आपला शब्द दिला आहे. शांतता समितीच्या बैठकीत पुढच्या रांगेत त्याची खुर्ची ठरलेली. माणूस वाईट असतो असे नाही. कित्येकदा अडीनडीला तोच धावतो, रात्री दोन वाजता दार वाजवले तरी उघडतो. पण त्याचा सगळा व्यवहार मेहरबानीवर चालतो. साहेबांची मर्जी राखली तर उद्या पुन्हा आत जाता येते, म्हणून तो मागतो ती सवलत. हक्क मागायला गेला तर दार बंद होईल, हे त्याला पक्के ठाऊक असते.

मध्यस्थ आणि नागरी हक्कांसाठी लढणारा कार्यकर्ता यांतला फरक इथे आहे. कार्यकर्ता साहेबांना विचारतो, अटक केव्हा केली, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले का, घरच्यांना कळवले का. चोवीस तासांची ही अट संविधानाच्या बाविसाव्या कलमात लिहिलेली आहे. त्यासाठी कुणाची ओळख लागत नाही आणि कुणाच्या पाया पडावे लागत नाही. फिर्याद घेत नाहीत म्हटल्यावर मध्यस्थ 'बघू, उद्या बोलतो' म्हणतो. कार्यकर्ता दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे हा ललिता कुमारी खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल टेबलावर ठेवतो आणि फिर्यादीची मोफत प्रत मिळाल्याशिवाय उठत नाही. दोघांच्या चालण्या-बोलण्यात फार फरक दिसत नाही. कदाचित मध्यस्थच जास्त रुबाबदार दिसेल. म्हणूनच आपला समाज फसतो.

हे सगळे आत्ताच का सांगायचे? कारण कोल्हापुरात दोन वेळा, लागोपाठच्या दोन वर्षांत, आम्हाला या फरकाची किंमत कळली. ७ जून २०२३ रोजी काही पोरांनी मोबाइलवर ठेवलेल्या स्टेटसच्या निमित्ताने शहर बंद पुकारला गेला, शिवाजी चौकात जमाव गोळा झाला, दुकानांवर दगड पडले, लाठीमार झाला, अश्रुधुराची नळकांडी फुटली, इंटरनेट बंद झाले. वर्षभराने, १४ जुलै २०२४ ला, विशाळगडावरची अतिक्रमणे हटवण्याच्या नावाखाली निघालेल्या जमावातल्या लोकांनी शाहूवाडी तालुक्यातल्या गजापूरची मुसलमान वाडी फोडली. घरे, गाड्या, संसाराची भांडी, मशीद, काही सोडले नाही. गडावरच्या अतिक्रमणाशी त्या वाडीचा काडीचा संबंध नव्हता. ती फक्त वाटेवर होती, आणि तिथे मुसलमान राहत होते.

दोन्ही वेळा आमच्यातल्या पुढाऱ्यांनी आणि बाहेरच्या भल्या लोकांनीही एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हटले : हे शाहूंचे कोल्हापूर आहे, इथे असे होत नाही. वाक्य ऐकायला गोड आहे. पण झाले तर खरे! शाहूंचे नाव घेतल्याने दगड हवेत थांबला नाही. बाबूजमालच्या दर्ग्याचे कवतिक, मोहरमचे पंजे आणि गणपती एकाच मांडवात बसल्याचे फोटो, हे सारे आम्हालाही प्रिय आहे, आमचे बालपण त्यात गेले. मात्र ऐक्याच्या या आठवणी म्हणजे विमा नव्हे. आणि शाहू महाराजांनाच जर साक्षीला बोलवायचे असेल, तर त्यांनी काय केले ते नीट बघावे. २६ जुलै १९०२ च्या त्यांच्या हुकुमाने संस्थानातल्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना राखून ठेवल्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि असेच पुढारलेले वर्ग वगळता बाकी सारे त्या मागासलेल्यांत आले. म्हणजे मुसलमानही आले, कुणी वेगळी याचना न करता, इतरांच्याच रांगेत. पुढे १९०६ मध्ये मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था निघाली, तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले, आणि दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. कुराणाचे मराठी भाषांतर व्हावे म्हणून त्यांनी पदरचा पैसा घातला. राजाने कौतुकाची भाषणे केली असती तरी लोकांनी टाळ्या दिल्या असत्या. त्याने हुकूम काढला, इमारत दिली, पैसा दिला. जे देता येते, मोजता येते, कागदावर राहते, ते दिले.

राजाचे दिवस गेले. आता हक्क राजाकडून मिळत नाही, झगडून घ्यावा लागतो, आणि झगडायला माणूस लागतो. असा माणूस याच शहरात होता. कॉम्रेड गोविंद पानसरे. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी सागरमाळ भागात फिरून घरी परतताना त्यांच्यावर आणि उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या. उमाताई वाचल्या. पानसरे २० तारखेला मुंबईत गेले. वय ८१.

त्या दिवसांपासून आमच्या समाजात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. स्मृतिदिनाला आमचे लोक जातात, हार घालतात. पण हा आदर कशासाठी, हे तपासले तर उत्तर एकच येते : 'त्यांनी आपली बाजू घेतली.' पुरावा म्हणून दोन पुस्तिका दाखवल्या जातात. एक 'शिवाजी कोण होता?', १९८८ साली आलेली आणि लाखाच्या वर खपलेली. दुसरी 'मुस्लिमांचे लाड', मुसलमानांचे लाड होतात हा आरोप खरा की खोटा ते तपासणारी. पहिल्या पुस्तिकेतून आमच्या वक्त्यांनी एकच पान पाठ केले आहे. दौलतखान आरमारावर होता, काझी हैदर चाकरीत होता, सिद्दी हिलाल फौजेत होता. ही यादी म्हणजे जणू आमच्या निष्ठेचे प्रमाणपत्र! मिरजेत २००९ च्या सप्टेंबरात गणपतीच्या कमानीवरच्या अफजलखान वधाच्या चित्रावरून दंगल पेटली, तिचे लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत आले. तेव्हापासून तर ही यादी प्रत्येक सद्भावना सभेत वाचली जाते. आम्हाला विचाराल तर पानसरेंनी ते पुस्तक आम्हाला दाखला देण्यासाठी लिहिले नव्हते. त्यांचा सगळा भर रयतेवर आहे. शेतकऱ्याच्या पिकाला धक्का लागू नये, बायाबापड्यांची अब्रू राहावी, वतनदाराने रयत नागवू नये, असा राजा कसा वेगळा होता हे त्यांना सांगायचे आहे. त्या रयतेत मुसलमान होतेच, म्हणून ते पुस्तकात आले. मुसलमान शेतकरी, मुसलमान विणकर, मुसलमान हमाल म्हणून आम्ही त्या पुस्तकात स्वतःला शोधायला हवे होते. आम्ही शोधले ते सरदार.

पानसरेंना पुढारी म्हणून ज्यांनी घडवले त्या गोष्टी निराळ्या आहेत, आणि आमच्या पुढाऱ्यांत नेमक्या त्याच सापडत नाहीत.

नगर जिल्ह्यातल्या कोल्हार गावचा गरीब घरातला हा मुलगा. जन्म १९३३ चा. शिकायला कोल्हापुरात आला तो इथलाच झाला. वर्तमानपत्रे विकली, नगरपालिकेत शिपाई झाला, शाळेत मास्तरकी केली, मग कायदा शिकून १९६४ पासून वकिली सुरू केली. वकिली कुणाची, तर कामगारांची. घरकाम करणाऱ्या मोलकरणी, फेरीवाले, झोपडपट्टीतले लोक, ज्यांच्याकडे फी द्यायला पैसे नाहीत आणि मोर्चात आणायला गर्दीही नाही, अशांच्या संघटना बांधल्या. मोलकरणींच्या त्या संघटनेत नाव नोंदवताना कुणी जात-धर्म विचारत नव्हते. दुसऱ्याच्या घरची भांडी घासणारी आमच्या मोहल्ल्यातली बाई आणि शेजारच्या गल्लीतली बाई एकाच मागणीसाठी उभी राहू शकते, हे आमच्या शांतता समित्यांना पन्नास वर्षांत जमले नाही. पगाराची मागणी पुढे ठेवली की आपोआप जमते.

दुसरी गोष्ट अभ्यासाची. पानसरेंच्या पुस्तिकांची नावेच पाहा : काश्मीरच्या ३७० व्या कलमाची कुळकथा, मंडल आयोग आणि राखीव जागांचा प्रश्न, पंचायत राज्याचा पंचनामा, कामगारविरोधी कामगार धोरणे, राजर्षी शाहूंचा वसा आणि वारसा. ज्या ज्या विषयावर गल्लीत वाद पेटतो त्या विषयावर हा माणूस आधी वाचतो, मग पंधरा-वीस रुपयांत घेता येईल अशी पुस्तिका लिहितो, मग गावोगाव जाऊन बोलतो. आमच्याकडे उलटे. आधी तकरीर, मग तकरीरीवर तकरीर, आणि अभ्यास म्हणाल तर सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला तेव्हापासून आमचे वक्ते त्याचे नाव घेत आहेत. त्यातले दोन आकडे सांगा म्हटले तर? देशाच्या लोकसंख्येत मुसलमान तेव्हा १३.४ टक्के होते आणि प्रशासकीय सेवेत ३ टक्के, पोलीस सेवेत ४ टक्के. एवढे तरी पाठ असावे. शेरोशायरीला आमचा विरोध नाही, आम्ही साहित्यातले लोक आहोत. पण फाळणीपासूनच्या सगळ्या जखमा एका शेरात मांडून टाळ्या घेणारा आणि खाली उतरल्यावर शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख न सांगता येणारा माणूस पुढारी कसा?

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. कोल्हापूरच्या रस्त्यांवर टोल बसला तेव्हा हे शहर पेटून उठले. प्रा. एन. डी. पाटील आणि पानसरे दोघेही वयाने थकलेले, पण त्या लढ्याच्या अग्रभागी होते. सर्वपक्षीय कृती समिती होती, उजवे होते, डावे होते. ज्यांच्याशी पानसरे आयुष्यभर भांडले त्यांच्या शेजारी ते रस्त्यावर बसले. डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाला तेव्हा पानसरे नव्हते. टोल हा काही मुसलमानांचा प्रश्न नव्हता, दलितांचा नव्हता, कम्युनिस्टांचाही नव्हता. शहराचा होता. रिक्षावाल्याचा होता, भाजी आणणाऱ्या टेम्पोवाल्याचा होता. जो माणूस शहराच्या प्रश्नावर उन्हात बसतो, त्याने उद्या मुसलमानांच्या बाजूने शब्द उच्चारला तर शहर निदान ऐकून घेते. आमचे पुढारी फक्त मुसलमानांच्या प्रश्नावर दिसतात. मग शहर म्हणते, हे त्यांचे त्यांचे चालले आहे. पंचगंगेच्या प्रदूषणावर, महापालिकेच्या शाळांवर, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांच्या नुकसानभरपाईवर आमच्यातला कुणी सातत्याने बोलत राहिला, असे नाव लोकांच्या ओठांवर नाही. महापुरात आमच्या पोरांनी बोटी चालवल्या, मशिदीत लोकांना ठेवले, जेवण शिजवले, ते कौतुकाचेच. पण पूर ओसरल्यावर पंचनाम्यात कुणाचे घर सुटले याचा हिशेब मागणारा आमचा माणूस असता, तर ते वेगळे काम झाले असते.

यावर आमचेच काही बुजुर्ग म्हणतील, पानसरे नास्तिक, कम्युनिस्ट, त्यांचा आदर्श आमच्या पोरांपुढे कशाला? त्यांना आम्ही एवढेच विचारू की वकील करताना, डॉक्टर शोधताना, रिक्षात बसताना आपण अकीदा विचारतो का? हक्काच्या कामाची रीत शिकायची आहे, कलमा शिकायचा नाही. आणि रीतच शिकायची तर आमच्यातही माणसे आहेत. जालन्याचे शब्बीर अन्सारी बघा. मुसलमानांतही जाती आहेत, बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार, मोमीन यांचे मागासलेपण कष्टकऱ्यांचे मागासलेपण आहे, म्हणून त्यांना इतर मागासवर्गीयांच्या सवलती मिळाल्या पाहिजेत, ही मागणी घेऊन ते फिरले. दिलीपकुमारांसारखा नट त्यांच्या सभांना गेला. १९९४ मध्ये राज्य सरकारकडून निर्णय पदरात पाडून घेतला. त्यावेळी आमच्याच अशराफांनी नाके मुरडली : इस्लाममध्ये जात कुठून आली? ज्याला जातीचा दाखला लागत नाही त्याला हा प्रश्न सुचतो. ज्याच्या मुलाला त्या दाखल्यामुळे वसतिगृहात जागा मिळाली, त्याला विचारा.

किंवा मुंबईचा शाहिद आझमी. टाडाखाली तुरुंगात गेला, तिथेच शिकला, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडले, मग वकील झाला आणि दहशतवादाच्या आरोपाखाली अडकलेल्या गरीब पोरांचे खटले घेतले. ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्यात त्याच्या कार्यालयातच त्याला गोळ्या घातल्या. वय ३२. मुंबईवरच्या हल्ल्याच्या खटल्यात तो ज्याच्या बाजूने लढत होता तो फहीम अन्सारी सुटला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती सुटका कायम केली. शाहिदने रस्त्यावर घोषणा दिल्या असत्या तर तो कदाचित आमदार झाला असता. त्याने आरोपपत्रे वाचली. हजारो पानांच्या आरोपपत्रात पंचाची सही कुठल्या तारखेची आणि जप्ती कुठल्या तारखेची हे शोधत बसणे, याला कुणी फ्लेक्सवर जागा देत नाही.

अमेरिकेतल्या मार्टिन ल्यूथर किंगचे नाव आमच्या सभांत फार घेतले जाते. त्यांचे भाषण आठवते, मॉन्टगोमेरीचा बस बहिष्कार आठवतो. तो ३८१ दिवस चालला हे मात्र सांगितले जात नाही. १९५५ च्या डिसेंबरात रोझा पार्क्स यांना अटक झाली त्या रात्री जो ॲन रॉबिन्सन नावाच्या शिक्षिकेने कॉलेजच्या यंत्रावर हजारो पत्रके रातोरात छापली. बस सोडलेल्या लोकांना कामावर पोचवण्यासाठी खासगी मोटारींची व्यवस्था वर्षभर चालवली गेली. किंग तेव्हा २६ वर्षांचे, शहरात नवे. नेता शेवटी आला. पत्रके छापणाऱ्या बायका आधी होत्या. आमच्याकडे नेता आधी शोधतात.

आता घरातले. हे लिहिताना काही वाचक पान उलटतील हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांनी उलटू नये.

याच कोल्हापुरातून १९८५ मध्ये तलाक मुक्ती मोर्चा निघाला, नागपूरला जाण्यासाठी. त्याच वर्षीच्या एप्रिलात शाहबानोचा निकाल आला होता. मोर्चात टाकलेल्या बायका होत्या, मुस्लिम सत्यशोधक मंडळाचे कार्यकर्ते होते. वाटेत त्यांना विरोध झाला, तो आपल्याच लोकांकडून. त्याआधी १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात बायकांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला होता. सात! आमच्यातले लोक या आकड्याला हसत आले. दलवाईंच्या भाषेबद्दल, त्यांनी समाजापासून किती अंतर ठेवले याबद्दल आमचेही मतभेद आहेत. समाजाला कोपऱ्यात ढकलणाऱ्यांनी त्यांच्या लेखनाचा सोयीने वापर केला, हेही खरे. तरी त्या सात बायका काय मागत होत्या? तोंडी तलाकने रस्त्यावर येऊ नये, एवढेच. कोल्हापूरचे हुसेन जमादार याच कामात आयुष्यभर राहिले आणि त्यांनी आपल्या आत्मकथनाला नाव दिले 'जिहाद'. त्या शब्दाचा खरा अर्थ घेऊन जगलेला माणूस आमच्या गावात होता. आमच्या जलशांत त्याचे नाव निघत नाही.

परिणाम काय झाला? १९८५ ते २०१७ अशी ३२ वर्षे समाजाच्या हातात होती. एकाच बैठकीतला तीन तलाक चुकीचा आहे असे खासगीत सगळेच आलिम म्हणत. २००२ मध्ये शमीम आरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वाजवी कारण आणि समेटाचा प्रयत्न याशिवाय तलाक वैध नाही. तेव्हाही जमातींनी निकाहनाम्यात एक ओळ घातली असती तर पुरे होते. घातली नाही. मग २२ ऑगस्ट २०१७ ला न्यायालयाने तो तलाक रद्द केला, आणि २०१९ मध्ये सरकारने कायदा आणला, त्यात नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. त्या कायद्याच्या हेतूवर आम्हालाही शंका आहे. पण जे काम आमच्या पुढाऱ्यांनी घरात करायचे होते ते बाहेरच्यांनी येऊन त्यांच्या पद्धतीने केले, तर तक्रार कुठल्या तोंडाने करायची? पोलीस ठाण्यात संविधानाचे चौदावे कलम सांगणारा माणूस जमातीच्या बैठकीत बाईला म्हणतो, 'तू बाहेर थांब, तुझा भाऊ बोलेल.' अशाचे चौदावे कलम ठाण्यातला हवालदारसुद्धा मनावर घेत नाही. त्याला दिसते की हा समानता मागत नाही, आपल्या माणसांसाठी सूट मागतो आहे.

हा दुटप्पीपणा आरक्षणातही नडला. जुलै २०१४ मध्ये राज्य सरकारने मराठ्यांना १६ टक्के आणि मुसलमानांतल्या मागासांना ५ टक्के आरक्षणाचा वटहुकूम काढला. नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, मुसलमानांचे शिक्षणातले आरक्षण मात्र राहू दिले. न्यायालयात टिकलेली गोष्ट होती ती! नव्या सरकारने डिसेंबरात वटहुकूम संपू दिला. पुढे मराठा समाज लाखोंनी मूक मोर्चे घेऊन उतरला, कायदे करवले, न्यायालयात हरला, पुन्हा उतरला. आमच्याकडे निवेदने दिली गेली. काही मोर्चे निघाले, तेही थकले. निवेदन स्वीकारतानाचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला की आमच्या पुढाऱ्याचे काम संपते. ज्या कुटुंबाचा मुलगा त्या वर्षी अभियांत्रिकीच्या दारातून परतला, त्याचे काम तिथे सुरू होते.

खटल्यांचेही तसेच. २ जून २०१४ ला पुण्यात हडपसरला सोलापूरच्या एका तरुण संगणक अभियंत्याला जमावाने ठार मारले. तो नमाज पढून येत होता. खटला साडेआठ वर्षे चालला आणि जानेवारी २०२३ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. पहिल्या आठवड्यात व्यासपीठावर रडलेल्यांपैकी कितीजण न्यायालयातल्या तारखांना बसले होते, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. साक्षीदार एका दिवसात फिरत नाही. तो महिन्यामहिन्याने खचतो, त्याला कुणी विचारत नाही म्हणून खचतो.

गजापूरकडे परत येतो. तिथे खासदार शाहू छत्रपती गेले, इतर पुढारी गेले, मदतीचे ट्रक गेले, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. त्याच आठवड्यात उच्च न्यायालयाने भर पावसाळ्यात गडावरची बांधकामे पाडायला मनाई केली. ती आपोआप झाली नाही. कुणीतरी कागद जमवले, वकील गाठला, मुंबईला गेला. नाव ठाऊक नसलेला तो 'कुणीतरी' आमच्या व्याख्येत पुढारी आहे. भांडी वाटून झाली, पत्रे बसले, पण घरफोडीचे गुन्हे, आरोपपत्रे, ओळख परेड, साक्षी हे सारे वर्षानुवर्षे चालणारे काम आहे. शाहूवाडीची एसटी पकडून तारखेला जायचे, साक्षीदाराची मजुरी बुडते ती भरून द्यायची, वकिलाकडून पुढची तारीख लिहून घ्यायची, आणि नुकसानभरपाईत कुणाचा आकडा कमी धरला गेला त्याचे अपील करायचे. यासाठी ओजस्वी वाणी लागत नाही. एक वही लागते आणि दर महिन्याला तीच वही उघडणारा माणूस लागतो. तो बी.ए. झालेला मुलगा असेल, डी.एड. करून नोकरी न मिळालेली मुलगी असेल. मुलगी असेल तर अधिक बरे, कारण घरातल्या बायका तिच्याशी बोलतील, आणि फुटलेल्या घरात काय काय होते ते बायकांनाच नेमके माहीत असते.

शहरातल्या प्रत्येक मशिदीच्या किंवा जमातीच्या हॉलमध्ये रविवारी दोन तास एक टेबल मांडावे, अशी आमची मागणी आहे. टेबलावर बसणाऱ्यांत एक वकील असावा, एक बाई असावी, आणि त्यांच्याकडे अर्ज घेऊन येणाऱ्याचा धर्म विचारू नये. शेजारच्या वस्तीतला धनगराचा मुलगा जातीच्या दाखल्यासाठी आला तर त्याचाही अर्ज भरून द्यावा. माहितीच्या अधिकाराचे अर्ज, रेशनकार्ड, पोटगीचे दावे, शिष्यवृत्ती, पोलिसांनी न घेतलेल्या फिर्यादी, सारे तिथे यावे. पोटगी मागणारी बाई आली तर मुतवल्लींनी तिला परत पाठवू नये, नवरा त्यांचा भाचा असला तरी.

पैसा कुठून आणायचा, हे विचारले जाईलच. जकातीतून हा खर्च करता येतो का, यावर उलेमांनी मोकळेपणी मत द्यावे. कर्जात बुडालेल्याला आणि बंदीला सोडवण्याला जकातीत जागा आहे, हे तेच आम्हाला शिकवत आले आहेत. लिल्लाहच्या पैशाबद्दल तर वाद असण्याचे कारण नाही. आणि ते जमत नसेल तर रमजानमध्ये पुढाऱ्यांच्या ज्या इफ्तार पार्ट्या होतात, त्यांतल्या एका पार्टीच्या मांडवाचे, खुर्च्यांचे आणि फ्लेक्सचे बिल काढून बघावे. तेवढ्यात गजापूरच्या साक्षीदारांचे वर्षभराचे एसटीचे भाडे निघेल. त्या पार्टीला पोलीस अधिकारी येतात, खजूर घेतात, फोटो काढतात. पुढच्या वर्षी त्याच अधिकाऱ्यांना रविवारच्या टेबलावर बोलवावे आणि मागच्या महिन्यात न घेतलेल्या फिर्यादींची यादी त्यांच्यासमोर ठेवावी. खजूर तेव्हाही द्यावेत.